पाचव्या फळीवरचं भोक

"हलू नको गं, बोलू नको,
श्वास पुरा तू सोडू नको.
साप टपलाय घाईवरती,
घाई त्याला दावू नको."

टिल्डा आत्याचा हा आवाज आर्डिथच्या कानात जन्मभर राहिला. वाळूच्या टेकड्यांमधलं ते शेत, कोंबड्यांचं खुराडं, कुंपणाच्या खांबावर ठेवलेला मटाराचा रिकामा डबा आणि पाठीमागून येणारं आत्याचं गुणगुणणं. गाणं संपायचं, छोट्या आर्डिथची गोळी सुटायची आणि डबा उडायचा. आत्या म्हणायची, "बास. आता अंडी गोळा कर." तिच्या लेखी दोन्ही कामं सारख्याच मोलाची होती.

आत्या जाऊनही जमाना झाला. आर्डिथ कोलस्टॅड आता हार्लो क्रीकच्या शाळेतल्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, गुडघ्यांशी भांडत चालणारी बाई होती. सुईत दोरा ओवताना, तव्यावरचा पॅनकेक उलटताना ती अजूनही ते गाणं गुणगुणायची. फक्त बंदूक हातात घेऊन कधी नाही. बंदूक हा घरात नवऱ्याचा प्रांत होता. लग्नाआधी मर्लनं तिला जुन्या खडीच्या खाणीत नेऊन नेम धरायला शिकवलं होतं आणि 'हिला मी शिकवलं' हे सांगताना त्याची छाती अजून फुगायची. आपल्याला आधीच येत होतं, हे सांगायचं आर्डिथकडून लग्नाच्या पहिल्या वर्षी राहून गेलं. दहाव्या वर्षी ते सांगणं विचित्र दिसलं असतं. पुढं तर ते लोणच्यासारखं आत आत मुरत गेलं.

दर शनिवारी दोघं गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर जायची. मर्ल पाच नंबरच्या जागेवर उभा राहायचा आणि आर्डिथ शेजारी दुर्बिणीला डोळा लावून बसायची. "आत. आत. जरा वर. आत." समोरच्या पाचव्या फळीवर लावलेल्या कागदावर गोळी कुठं लागली ते सांगायचं, एवढंच तिचं काम. हे इतकी वर्षं चाललं होतं की रेंजवर पाऊल ठेवलं की तिची नजर आपोआप पाचव्या फळीवर जाऊन बसायची, संध्याकाळी गाय आपल्या दाव्यापाशी जाऊन उभी राहते तशी.

यंदाच्या वसंतापासून मात्र पाचव्या फळीवर काही उमटेनासं झालं होतं. मर्लच्या गोळ्या मागच्या मातीच्या बांधात कुठंतरी धूळ उडवायच्या. आर्डिथ दुर्बिणीतून कोराकरकरीत कागद बघायची आणि म्हणायची, "जरा डावीकडे, पण आत आहे." मग कागद काढून आणायलाही तीच लगबगीनं जायची आणि नेमका तो वाऱ्यानं तिच्या हातून सुटायचा. नेब्रास्कात वाऱ्यावर काहीही ढकललं तरी खपतं.

पण मर्लला काहीतरी उमजलं असावं. तो गप्प होत गेला. गोठ्यातून येणारी त्याची शिट्टी बंद झाली. एक दिवस जेवताना म्हणाला, "बंदुका विकून टाकाव्यात म्हणतो."

आर्डिथच्या काट्यावरचा बटाटा तसाच राहिला. नदीनं आपलं वाहणंच विकायला काढावं, तसं वाटलं तिला.

त्याच आठवड्यात सरपणाच्या ढिगात रॅटलस्नेक निघाला. शेपटीचा खुळखुळा वाजवत ऐटीत निघून गेला. आर्डिथनं संधी साधली.

"मला एक छोटं पिस्तूल हवंय," ती म्हणाली. "कमरेला लावून अंगणात फिरता येईल असं."

"माझं आहे की."

"तुझं पिस्तूल नाही, नांगर आहे तो. त्याचा वरचा भाग मागं ओढायला मला शेजाऱ्यांना हाक मारावी लागेल. तोवर साप कंटाळून घरी जायचा."

कितीतरी दिवसांनी मर्लच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. "चल मग," तो म्हणाला.

दुकान ऑरिन स्टूकेलचं. पुढं दुकान, मागं तीच रेंज आणि दोन्हीकडं ऑरिनचा आवाज. आर्डिथला पाहताच त्यानं काचेच्या पेटीतून एक जांभळं पिस्तूल काढलं.

"खास बायकांसाठी! लव्हेंडरच्या फुलांचा रंग. पर्समध्ये लपतं बघ."

"ऑरिन, मला ते सापाला दाखवायचंय, चर्चमध्ये मिरवायचं नाही."

"हातात तर घे. चिमणीएवढं हलकं आहे."

"हलकं म्हणूनच लाथ जास्त मारणार," मर्ल पुटपुटला.

आणि खरंच मारली. मागच्या बांधावर एकच गोळी झाडून पाहिली, तर आर्डिथचा हात मनगटापासून कोपरापर्यंत झणझणला. "अगं आई गं! हे सापाला मारतं की मारणाऱ्याला?"

मग मर्लनं आपल्या पसंतीचं काढायला लावलं. गोल फिरणाऱ्या चाकाचं जुन्या घाटाचं रिव्हॉल्व्हर. "यापेक्षा भरवशाचं काही नाही जगात." भरवशाचं होतं, पण त्याचा चाप ओढायला आर्डिथला दोन्ही हातांची बोटं लागली आणि ओढून होईपर्यंत नळी छताकडं बघायला लागली.

"पक्ष्यांसाठी चांगलं आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात तिला काचेच्या कोपऱ्यात एक पिस्तूल दिसलं. काळं, साधं, अंगावर नक्षी नाही की नाव मिरवणारी अक्षरं नाहीत. ऑरिननं ते रिकामं असल्याचं दाखवून तिच्या हातात दिलं. मूठ तिच्या तळव्यात अशी बसली, जशी शाळेतली ती जुनी पळी बसायची, जिनं तिनं गावातल्या दोन पिढ्यांना सूप वाढलं होतं. वरचा भाग तिनं मागं ओढला, तो चांगल्या सुताराच्या कपाटाचा खण सरकावा तसा सरकला. नळीच्या टोकाला नेम धरायला एक पांढरा ठिपका होता. त्या ठिपक्याकडं बघताना आर्डिथच्या भोवतीचं दुकान विरघळलं. ऑरिनचा आवाज दूर गेला. खुराडं दिसलं, डबा दिसला, वाळूवरचं ऊन दिसलं.

"ते होय?" ऑरिन नाक मुरडून म्हणाला. "कुणी बघत नाही त्याच्याकडं. एकसारखी दोन पडून आहेत."

"दोन्ही काढ," आर्डिथ म्हणाली. "मर्लपण बघेल."

"मी? या खेळण्यानं?"

"मग खेळ की जरा!"

शनिवार होता. रेंजच्या सगळ्या जागा भरलेल्या, कान बधिर करणारा धडाका चाललेला. मर्ल आपल्या नेहमीच्या पाच नंबरवर, आर्डिथ शेजारी चारवर, दुर्बीण दोघांच्या मध्ये तिच्या जुन्या तिकाटण्यावर. आर्डिथनं डोळ्यांवर चष्मा चढवला, कानांवर जाड टोप्या दाबल्या आणि बाहेरचं जग मिटलं. आत फक्त एकच आवाज उरला.

हलू नको गं, बोलू नको.

तिनं पिस्तूल उचललं. पांढरा ठिपका वर आला, काळ्या वर्तुळाच्या मधोमध टेकला. इतकी वर्षं तिची नजर या रेंजवर जिथं जायची तिथंच ती आजही गेली. याचा तिला पत्ताही नव्हता. श्वास अर्धा सोडला. चाप असा मागं आला, जसा पिकलेला प्लम फांदीवरून हातात येतो. पिस्तूल थोडं उसळलं आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसलं, जणू म्हणत होतं, पुढचं? ती हसली. एकेक करत तिनं सगळ्या गोळ्या झाडल्या, घाई न करता, कुणाला काही दाखवायचं नसल्यासारख्या.

ऑरिननं शिट्टी दिली. सगळ्यांनी आपापली हत्यारं रिकामी करून खाली ठेवली आणि मंडळी कागद बघायला फळ्यांकडं निघाली.

चौथ्या फळीवरचा कागद धुतलेल्या चादरीसारखा पांढरा होता.

आर्डिथनं शेजारी पाहिलं. पाचव्या फळीवर, काळ्या वर्तुळाच्या पोटात, एकच भोक होतं. फाटक्या कडांचं, एखाद्या नाण्याएवढं. सगळ्या गोळ्या एकाच दारानं आत गेल्या होत्या. तिला क्षणात उमगलं आणि तिचे कान तापले. रेंजवरच्या माणसाला याहून मोठी लाज नाही: दुसऱ्याच्या कागदावर गोळ्या! सांगायला ती मर्लकडं वळली, तोच मागून गर्जना झाली.

"मर्ल कोलस्टॅड!"

ऑरिननं टोपी काढून छातीशी धरली होती. मागं माणसं जमली. कुणी बोट लावून पाहिलं, कुणी नुसतंच "बापरे" म्हटलं.

मर्ल त्या भोकाकडं बराच वेळ बघत राहिला. "या रेंजवर जन्म गेला माझा, ऑरिन," तो हळूच म्हणाला. "असं काही मी पाहिलं नव्हतं."

आणि तो हसला. वसंतात हरवलेलं हसू होतं ते, डोळ्यांपर्यंत पोचलेलं. आर्डिथनं उघडलेलं तोंड मिटलं.

ऑरिनची नजर मग चौथ्या फळीवर गेली. शर्यतीत शेवटी आलेल्या घोड्याला थोपटावं तसं त्यानं आर्डिथच्या खांद्यावर थोपटलं. "होतं असं. पहिला दिवस आहे."

दोन्ही पिस्तुलं विकत घेऊन घरी येताना गाडीत मर्ल शिट्टी वाजवत होता. उद्या सांगू, असं आर्डिथनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ऑरिननं तो कागद चौकट करून दुकानात टांगला. खाली पाटी लिहिली: 'मर्ल आणि त्याचं छोटं पिस्तूल.' मग हार्लो क्रीकला त्या पिस्तुलाचं वेड लागलं. कोपऱ्यात पडलेली ती साधी वस्तू मागवून मागवून ऑरिन थकला. पाद्रीबुवांनी घेतलं, दातांच्या डॉक्टरांनी घेतलं, शेरिफच्या माणसानं सरकारी पिस्तूल कपाटात ठेवून हे कमरेला लावलं. भोक मात्र कुणालाच तसं पडेना. मग माणसं कॉफीच्या दुकानात मर्लला घेरायची.

"मर्ल, गुपित काय आहे, सांग ना!"

मर्ल कॉफीत चमचा फिरवत म्हणायचा, "घाई दाखवायची नाही. साप टपलेला असतो घाईवर."

शेजारी बसलेल्या आर्डिथला ठसका लागला. हे याला कुठून कळलं? मग तिला पॅनकेक आठवले. सकाळी आपण मोठ्यानं गुणगुणत असणार.

"पण पिस्तूल जादूचं आहे, हो ना?" पाद्रीबुवांनी आशेनं विचारलं.

"पिस्तूल चांगलं आहे. पण मी जे पाहिलं ना, ते पिस्तुलाचं काम नव्हतं."

"किती नम्र माणूस!" सगळे म्हणाले आणि त्याच्यापुढं ॲपल-पायची बशी सरकवली गेली.

आर्डिथच्या वाट्याला कीव आली. कोरा कागद गावभर झाला होता. शेजारणी दारात टूना माशांच्या नूडल्सची भांडी ठेवून जाऊ लागल्या, जशी कुणी गेल्यावर ठेवतात. पाद्रीबुवांची बायको ग्लेंडा स्वतः आली. तिनं आर्डिथच्या तळहातावर एक लाल शिट्टी ठेवली आणि मूठ मिटवली.

"नेम सगळ्यांना जमत नाही गं. साप दिसला की जोरात फुंक."

"सापाला कान नसतात, ग्लेंडा."

"पण मर्लला आहेत ना!"

आर्डिथनं शिट्टी खिळ्याला टांगली आणि दात आवळले. मर्ल गोठ्यात शिट्टी वाजवतोय, बंदुका विकायचं नाव काढत नाही, तोवर ती अख्ख्या गावाची कीव गिळायला तयार होती. पण तेवढ्यात ऑरिननं जाहीर केलं: सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सहलीत, सगळ्या जिल्ह्यासमोर, मर्ल कोलस्टॅड पाचव्या फळीवर तो चमत्कार पुन्हा करून दाखवेल.

आता आर्डिथ कात्रीत सापडली. सांगावं, तर त्याचं हसू जाणार. न सांगावं, तर भर जिल्ह्यासमोर त्याच्या गोळ्या मातीत जाणार, आणि मग तो पुन्हा कधी रेंजवर पाऊल ठेवणार नाही. ती गोठ्यात गेली. मर्ल पिस्तुलाला तेल लावत होता.

"मर्ल, ती पाचवी फळी..."

"हं?" त्यानं वर पाहिलं. चेहरा नुसता उजळलेला.

"...तिला रंग द्यायला हवा," आर्डिथ म्हणाली आणि परत फिरली.

परत फिरता फिरताच तिला उपाय सुचला. एकदा चुकून झालं ते आता मुद्दाम करायचं. मर्लच्या शेजारी उभं राहायचं आणि आपल्या गोळ्या त्याच्या कागदावर घालायच्या.

सहलीच्या दिवशी रेंजच्या मैदानावर वाऱ्यानं झेंड्याची दोरी खांबावर टणटण आपटत होती. मक्याची कणसं उकळत होती, सॉसेज तडतडत होते, ग्लेंडाचं बटाट्याचं सॅलड सगळे ताटात घेत होते आणि कुत्र्यांना घालत होते. ऑरिननं कर्ण्यातून मर्लचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. आर्डिथ आपलं पिस्तूल घेऊन पुढं झाली.

"ऑरिन, मीही उभी राहते शेजारी. सराव म्हणून."

टाळ्या एकदम मऊ पडल्या. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. "राहू दे तिला," ग्लेंडा कळवळून म्हणाली. "मर्लची सावलीच ती."

आर्डिथ चारवर, मर्ल पाचवर, दुर्बीण मध्ये. कानांवर टोप्या, डोळ्यांवर चष्मा. ऑरिनचा हात खाली आला.

हलू नको गं, बोलू नको.

या वेळी तिला ठाऊक होतं ती कुणाच्या फळीवर नेम धरते आहे. यापेक्षा जपून तिनं आयुष्यात काही केलं नव्हतं. प्रत्येक गोळी तिनं अशी सोडली, जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण सोडावं. ठिपका, अर्धा श्वास, पिकलेला प्लम. ठिपका, अर्धा श्वास. शेवटची गोळी गेली, पिस्तुलाचा वरचा भाग मागं अडकून उघडा राहिला. तिनं पिस्तूल खाली ठेवलं, कानांवरच्या टोप्या काढल्या आणि टाळ्यांची वाट पाहिली.

टाळ्या नव्हत्या. दोरी तेवढी वाजत होती. सगळा जिल्हा तिच्याकडं बघत होता. ऑरिनच्या तोंडात कणीस आडवं राहिलं होतं.

कारण अख्ख्या मैदानानं एकाच पिस्तुलाचा आवाज ऐकला होता.

आर्डिथनं उजवीकडं पाहिलं. मर्लचं पिस्तूल फळकुटावर तसंच पडलेलं, हात न लावलेलं. आणि मर्ल हात पाठीमागं बांधून, डावा डोळा दुर्बिणीला लावून वाकून उभा होता.

"आत," तो म्हणत होता. "आत. आत. आत. शेवटची जरा डावीकडे, पण आत आहे." मग हळूच म्हणाला, "आणि हे मी खरं सांगतोय."

"मर्ल! तू उडवलं का नाहीस?"

"मागच्या वेळी दोन उडवल्या होत्या. मातीत गेल्या." त्यानं दुर्बिणीवरून डोळा उचलला नाही. "तेव्हा म्हटलं, बघावं तरी, ही दर शनिवारी 'आत' म्हणते ते आत म्हणजे कुठं. उजव्या डोळ्यात धुकं आहे माझ्या, डावा अजून धड आहे. बघतो तर कागद कोरा. वसंतापासून काय प्रेमानं खोटं बोलत होतीस गं! मला रडूच येणार होतं. तेवढ्यात त्या कोऱ्या कागदावर एक भोक उगवलं. मग त्याच भोकातून दुसरी गोळी गेली. मग तिसरी. मी मान वळवून पाहिलं तर तुझे ओठ हलत होते. ओळखलं मी. पॅनकेकचं गाणं! हात खालीच आला माझा. आकाशातून काहीतरी उतरताना दिसावं, तसं झालं."

"मग बोलला का नाहीस? गावभर मी बिचारी झाले! सगळे मला नूडल्स आणून देतायत!"

"बोललो असतो तर तू लाजून थांबली असतीस. आणि मला अजून एकदा बघायचं होतं." तो आता सरळ झाला. त्याचे दोन्ही डोळे ओले होते, धुक्याचाही आणि धडही. "सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरकडं जाईन म्हणतो. हे दोन्ही डोळ्यांनी बघायला हवं."

"म्हणजे," ऑरिननं कणीस काढून कसंबसं विचारलं, "माझ्या दुकानातली पाटी..."

"आजच बदल," पाद्रीबुवा म्हणाले आणि आपल्या कमरेच्या पिस्तुलाकडं उदासपणे पाहिलं. ग्लेंडा गर्दीतून पुढं आली. ती भोकाकडं बघत होती आणि आर्डिथकडं बघत होती. मग तिनं खालच्या आवाजात विचारलं, "शिट्टी परत देतेस का गं? मलाच लागेल ती."

तेव्हा कुठं टाळ्या सुरू झाल्या. फळीकडं रांग लागली. माणसं टोप्या काढून त्या भोकापुढून जात होती. मर्लनं बायकोच्या खांद्यावर हात टाकला, छाती फुगवली आणि जिल्ह्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काहीही म्हणा, हिला शिकवलं मीच!"

आर्डिथ हसली. एवढं तरी राहू द्यावं त्याच्याकडं, असं तिच्या मनात आलं. पण वारा टेकड्यांवरून येत होता, त्याला खुराड्याचा, तापल्या वाळूचा वास होता, आणि आत्याला खोटं चालायचं नाही. आर्डिथ त्याच्या अगदी जवळ सरकली, खडीच्या खाणीत होती तेवढी जवळ, आणि त्याच्या कानात म्हणाली,

"नाही रे, मर्ल. मला तेव्हाही येत होतं. टिल्डा आत्यानं लहानपणीच शिकवलं होतं. पण तू माझ्या पाठीशी उभा राहिलास, माझ्या हातावर हात ठेवलास, आणि मला वाटलं, इतक्यात कशाला सांगायचं!"